झोपू दे तिला

आमच्या घराची बेल मम्मीने स्वतःच्या हाताने बंद केलेली. स्टुलावर चढली, डबीचं झाकण काढलं, वायर ओढली आणि खाली उतरून मलाच म्हणाली, "आता बघते कोण उठवतंय तुला." मी हसले. शॉक बसला असता तर, असंही म्हणाले. ती म्हणाली, मेन स्विच बंद केलाय, एवढी काही मी येडी नाहीये.

मी तेव्हा नाइट शिफ्टला होते. ठाण्याला ऑफिस, आणि काम काय, तर परदेशातल्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि सॉरी म्हणायचं. सकाळी कंपनीची गाडी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून रखडत कोपरला घरी सोडायची. सगळी बिल्डिंग डबे घेऊन जिना उतरत असायची आणि मी तेवढी वर चढत असायचे. पप्पा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आम्ही दोघीच.

झोप काही जमत नव्हती. काळे पडदे लावले, कानात बोळे घातले, तळपायाला तेल चोळून झालं, दहीभात खाऊन झाला. कधी पडल्या पडल्या लागायची, कधी दुपारपर्यंत नुसती कूस बदलत पडायचे. त्यात सुट्टीच्या दिवशी कुणाचं तरी लग्न, कुणाचं बारसं, की सगळं परत विस्कटलंच. नातेवाईक वर शहाणपणा शिकवणार, "अगं, वेळ ठरवायची आणि झोपायचं, त्यात काय!" अरे, झोप म्हणजे काय वॉशिंग मशीन आहे, टायमर लावला की सुरू?

शेवटी चक्कर येऊन ऑफिसमध्येच पडले, तेव्हा मम्मी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, दिवसा झोपा, पण रोज त्याच वेळेला, आणि कुणालाही ती मोडू देऊ नका. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मम्मीने मात्र ते फार मनावर घेतलं.

बेल त्याच संध्याकाळी गेली. मग तिने जुन्या निळ्या साडीची पट्टी फाडली आणि मी झोपले की ती बाहेरच्या जाळीच्या दाराला बांधायला लागली. फडकं दिसलं की दार वाजवायचं नाही, हे तिने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं. कचरेवाली बाई आमच्या मजल्यावर आली की आवाज खाली घ्यायची. पोरं बॉल घेऊन गच्चीत जायची. कुकर मी यायच्या आत लावून झालेला असायचा, म्हणजे शिट्टी नको. सकाळची बुद्धवंदनासुद्धा ती ओठातल्या ओठात म्हणायची. फोन आला तर समोरच्या काकूंकडे जाऊन बोलायची. स्वतःच्याच घरात बाई चोरासारखी वावरत होती, आणि वर खूश! मी उठले की चहा देताना विचारायची, "आज लागली ना गं?" लागली म्हटलं की तिचा चेहरा असा काही व्हायचा, जसा काही माझा पहिला नंबर आलाय. कधीकधी मी खोटंच सांगायचे.

तो दिवस उन्हाळ्यातला. त्याआधी तीन-चार दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दिवशी मात्र गाढ लागली.

पुढचं सगळं मला काकूंकडून कळलेलं. दुपारी मम्मीला घाम फुटला, पाठ आणि खांदा भरून आला. घरात कण्हले तर ही उठेल, म्हणून ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. काकूंनी बघितलं, तिला आपल्या घरात नेलं. दोघींनी मिळून ठरवलं की गॅस झालाय. काकूंनी ओवा दिला, सोडा दिला. काकू म्हणाल्या, "ताई, उठवू का पोरीला?" मम्मी म्हणाली, "नको नको. आत्ताच डोळा लागलाय तिचा. झोपू दे तिला." मग ती काकूंच्या दिवाणावर जरा आडवी झाली. थोड्या वेळाने कण्हायची थांबली. काकूंना वाटलं, बरं वाटलं असेल, झोप लागली असेल. त्यांनी पंखा वाढवला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि शेजारी बसून मेथी निवडत राहिल्या.

मी संध्याकाळी उठले. कित्येक महिन्यांत एवढी मस्त झोप झाली नव्हती. चहाचा वास नव्हता म्हणून हाक मारली, मग दार उघडून समोर गेले. काकू तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू. झोपल्यायत त्या." मी जवळ जाऊन मम्मीचा हात धरला. तो गार होता.

मी काकूंना काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं की सगळ्या मजल्यांवरची माणसं जमली होती आणि मी ओरडत होते, "एक हाक मारता आली नाही तुम्हाला? एक? दोन पावलांवर तर होते मी!" मेथीची जुडी तशीच काकूंच्या हातात होती.

मम्मीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं. भर दुपारी सगळ्यांनी मोठ्याने वंदना म्हटली. एवढा आवाज त्या वेळेला आमच्या घराने किती दिवसांत ऐकलाच नव्हता. मला सारखं वाटत होतं, आता मम्मी स्वयंपाकघरातून धावत येईल आणि सगळ्यांना गप्प करेल. काकू दारातच उभ्या होत्या. आत या, असं मी म्हटलं नाही.

नंतर मी डे शिफ्ट मागून घेतली. आता तरी चारचौघांसारखी रात्री झोपेन म्हटलं. कसलं काय! पडले की वाटायचं, आत्ता या क्षणी बाहेर कुणीतरी पायरीवर बसलंय. उठून दार उघडायचे, बघायचे, परत येऊन पडायचे. औषधं झाली, ध्यानाचे वर्ग झाले. मला तिचा रागही यायचा, खरं सांगते. एवढी कसली गं पडलेली तुला माझ्या झोपेची? जिवापेक्षा जास्त? तुझ्या त्या लाडक्या झोपेचं आता काय करू मी, सांग ना!

फडकं तसंच दाराला होतं. सोडायला माझा हात होत नव्हता. आणि ते होतं म्हणून बिल्डिंग अजून नियम पाळत होती, दार कुणी वाजवत नव्हतं. काकू जिन्यात दिसल्या की मी मान फिरवायचे. त्या बाजूला होऊन मला वाट द्यायच्या.

मग मागच्या महिन्यात एका रविवारी, रात्रभर जागी राहिल्यावर, उजाडताना माझा डोळा लागला. दार उघडायला उठले नाही, काही नाही. मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती दाराच्या धडधडाटाने. कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवत होतं आणि माझ्या नावाने हाका मारत होतं. मी धडपडत जाऊन दार उघडलं. समोर काकू. गाऊनवर ओढणी कशीतरी टाकलेली, केस सुटलेले. मागे दोन-तीन शेजारी. जाळीला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकत होती आणि दुपार झालेली.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझा दंड चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "काही नाही गं. दूध तसंच होतं. कधीची हाका मारतेय, तू उठेचनास. मला वाटलं..."

"काकू, किती महिन्यांनी झोप लागलेली मला!" मी एकदम करवादले. तोंडातून निघून गेलं.

त्यांचा चेहरा पडला. "चुकलं गं माझं. जा, झोप तू. झोप," म्हणाल्या आणि वळल्या. तेव्हा मला त्यांचे तळहात दिसले. दार बडवून बडवून लाललाल झाले होते.

मी पुढे होऊन ते हात धरले. गरम होते. मला रडूच फुटलं. म्हटलं, "नाही काकू, तुम्ही बरोबर केलंत. अशाच उठवत जा मला. कधीही. पाहिजे तर दार तोडा."

काकूही रडत होत्या. त्यांनी जाळीवरच्या निळ्या फडक्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "तुझी मम्मी ओरडेल मला."