देव ओला होईना

"देव ओला होईना! अरं, कुणी तरी बघा, देव ओला होईना!"

देवघरातून आबा ओरडत होते. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. पाटोद्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान, आणि आवाज असा की ते गल्ल्यावर शिंकले तर गेवराईच्या हायवेवर ट्रकवाला ब्रेक दाबायचा. त्या दिवशी मात्र आवाज चिरका झाला होता. श्रावणी सोमवार होता. अशा सोमवारी पिंडीला अभिषेक झाल्याशिवाय आबा पाण्याचा थेंब घेत नसत, आणि दुपार टळत आली तरी पिंड खडखडीत कोरडी होती.

हा पराक्रम आमच्या दाजींचा. दाजी म्हणजे आबांचे जावई, पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. देश नुकताच खुला झाला होता, परदेशातून यंत्रं उतरत होती, आणि एकेका यंत्रामागं एकेक जावई शहाणा होत होता. उन्हाळ्यात आले तेव्हा काकू कुरकुरत होती, पितळेची पिंड रोज कळकते, घासून घासून बोटं झिजली. दाजी तडक मोरीमागं गेले, अळूचं पान तोडून आणलं आणि सगळ्या घरासमोर त्यावर पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले अन् घरंगळून गेले.

"पानावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात," दाजी म्हणाले. "लेसरच्या किरणानं तसेच धातूवर कोरायचे. पाणी टिकणार नाही, डाग पडणार नाही. निसर्गाची नक्कल."

"आमच्या पिंडीला होईल का?" काकूनं विचारलं. इथंच घर बुडालं.

दाजींनी पिंड पुण्याला नेली, यंत्राखाली धरली, गुण यायला काही आठवडे कपाटात मुरवली. सोमवारच्या आदल्या दिवशी परत घेऊन आले तेव्हा पितळ धर्मापुरीच्या जुन्या देवळातल्या दगडासारखं काळंशार झालं होतं. आबा खूष. जावयानं देव पुरातन करून आणला, असं गिऱ्हाइकांना साखरेबरोबर सांगत सुटले.

आणि आता हा सोमवार. आबांनी तांब्या ओतला. पाणी पिंडीवर पडलं आणि चेंडूसारखं उडून ताम्हनाबाहेर गेलं. घागर ओतली, देवघरात तळं झालं, माझं धोतर भिजलं, मांजर पोहायला लागलं, देव कोरडा. शेवटी घंगाळात बुडवून बघितला. बुडवल्याबरोबर काळी पिंड चांदीसारखी लखलखली. शेजारणींनी हात जोडले. चमत्कार झाला म्हणून गल्ली लोटली, एकीनं तर नारळसुद्धा फोडला. बाहेर काढली, तर पुन्हा काळी आणि कोरडी.

"ती हवा आहे," दाजी गर्दीला समजावत होते. "उंचवट्यांत हवा अडकते, म्हणून चकाकतं."

"मंजी देव आन् पाण्याच्या मधी तुमची हवा हाय," आबा म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

काकू चिंच आणि काथ्या घेऊन आली. "सरका, घासते."

दाजी पिंडीवर आडवे झाले. "आत्याबाई, सगळं कोरलेलं जाईल. परदेशातसुद्धा हे कुणाला नीट जमलं नाही."

जावयाला ढकलायची आमच्याकडं पद्धत नाही. काकूनं काथ्या खाली ठेवला, पण नजरेनं घासायचं ते घासलंच.

आबा भिंतीला टेकले. मी पाणी पुढं केलं तर तोंड फिरवलं. "त्याची आंगोळ होऊ दे."

मग पूजा सांगायला आमचे जंगम स्वामी आले. त्यांना अजून चार घरं करायची होती. त्यांनी स्वतः एक तांब्या ओतला, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आबा, आज देवाला आंगोळ नको आसंल."

"स्वामी, दक्षिणा घेताना आसं कधी म्हणला न्हाईत."

स्वामींनी आबांच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं, मग परसात गेले आणि आंब्याच्या बुडातली मूठभर काळी माती घेऊन आले. पाटावर तिची पिंड वळली. "श्रावणात मातीचा महादेव चालतो. वता."

आबांनी तांब्या ओतला. मातीनं सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं, वर आणखी मागितल्यासारखी ढेकळं फुटली. स्वामींनी मंत्र इतक्या वेगानं म्हटले की दाजींचा लेसर लाजला असता. आबांनी हात जोडले, आणि मग तांब्याला तोंड लावलं. ते किती पाणी प्यायले, हे मी सांगणार नाही. पुढं आठवडाभर पाटोद्याच्या नळाला पाणी नव्हतं, एवढंच सांगतो.

गर्दी पांगली. आबांच्या तोंडावर रंग आला. दाजी काळी पिंड पंच्यानं पुसत बसले होते, खरं तर पुसण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं,

"मामा, पण शोध कसा वाटला?"

आबांनी मिशीवरचं पाणी निपटलं.

"चांगला हाय. छत्रीला करा."