कोरडी खाट

गारखेड्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्या एका चर्चच्या ग्रंथालयात होत्या. ते बंद पडलं, तेव्हा अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांचे ग्रीक भाषेतले जाडजूड छापील खंड त्यांनी रिक्षानं घरी आणले. बोलता बोलता त्या भिंतीवरून हात फिरवून ओल चाचपतात.

"तुम्हाला ग्रीक येतं?" मी एकदा विचारलं.

"अक्षरं लागतात, अर्थ नाय लागत. पण उद्या कुणी वाचणारं आलं तर?"

परवा आमच्या न्हाणीघरातली पाण्याची टाकी फुटली. मी धावत खाली गेले. त्यांचं छत गळत होतं. एका कोरड्या कोपऱ्यात खाट ओढली होती आणि तिच्यावर सगळे खंड ओळीनं मांडले होते. त्यांची म्हातारी आई मात्र ओल्या लुगड्यानं खुर्चीत कुडकुडत बसली होती.

"अहो, आईंना तरी खाटेवर..."

"आई पुसली की कोरडी होती. कागद नाय होत."

मी आजींना हात धरून वर आणलं, कोरडं नेसवलं, चादरीत गुंडाळलं. संध्याकाळी बाई दारात आल्या. मला वाटलं, आईला न्यायला आल्या.

"एखादी कोरडी चादर हाय का हो?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत आजींनी अंगावरची काढून पुढं केली.