पहिल्या एबीसीडीतली हळद

माझी आई बालवाडीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर समोर शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून तिने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. नवा नको, जुनाच हवा, कारण नव्याला हात लावायची भीती वाटते असं तिचं म्हणणं. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जुन्या कॉम्प्युटरचं एक दुकान आहे. तिथल्या सिंधी दुकानदाराने एक डबा पुसूनबिसून पुढे ठेवला आणि म्हणाला, "साईं, इसमें विंडोज डालूंगा तो रोएगा. लिनक्स डाल देता हूँ, मक्खन चलेगा." लिनक्स म्हणजे काय हे आईला ठाऊक नव्हतं, पण मक्खन तिला कळलं. डबा रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या आमच्या घरी आलो.

मी ऑफिसात वर्षानुवर्षं विंडोजवर काम करणारी. पहिल्याच रविवारी तिच्या खुर्चीत बसले आणि डी ड्राइव्ह शोधायला लागले. सापडेना. सीसुद्धा सापडेना.

"आई, याचा डी ड्राइव्ह कुठाय?"

"नाहीये त्याला."

"अगं, नाहीये कसा? मग तू वस्तू ठेवतेस कुठे?"

"घरात," ती म्हणाली, आणि खरोखरच स्क्रीनवर 'होम' असं लिहिलेलं एक कपाट उघडून दाखवलं.

मी चिडले. मला कुठलीही गोष्ट माझ्या ओळखीची नसली की आधी राग येतो, समज नंतर येते. दोन-तीन रविवार त्या डब्याशी भांडल्यावर समज आली. विंडोजची मांडणी उल्हासनगरसारखी आहे. कॅम्प एक, कॅम्प दोन, तीन, चार. प्रत्येकाचा आकडा वेगळा, कारभार वेगळा. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह तसेच. बाहेरून पेन ड्राइव्ह आला की त्यालाही नवं अक्षर देऊन मोकळे. लिनक्सची मांडणी मात्र आईच्या माहेरच्या पाड्यासारखी. बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला तो पाडा आहे. तिथे सगळं एकाच वेशीतून आत जातं. वाट फुटते, पुन्हा फुटते, पण उलटं चालत आलात की त्याच वेशीशी येता. पाहुणा आला तरी त्याला वेगळं गाव मिळत नाही, कुणाच्या तरी ओटीवरच जागा मिळते. लिनक्समध्ये पेन ड्राइव्हसुद्धा असाच वेशीच्या आतल्या एका फोल्डरात येऊन बसतो. हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी ते आईला समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, "मला माहितेय," आणि भाजी चिरायला निघून गेली.

त्याच पाड्यातल्या आईच्या दोन बहिणी. आई मधली. थोरली मावशी म्हणजे लग्नात हळदीची गाणी म्हणणारी, आसपासच्या पाड्यांतून जिला मुद्दाम बोलावणं यायचं अशी. तिचा आवाज जाड आणि संथ. तिने सूर लावला की मांडवात भांडी घासणाऱ्या बायाही हात थांबवायच्या. धाकटी मावशी तिच्या जोडीला. तेच गाणं ती भराभर म्हणायची आणि मध्येच नवरदेवाच्या आईला दोन टोमणे मारायची. थोरलीनं एकदा म्हणायचं, मग धाकटीनं, असं आलटून पालटून हळद उतरेपर्यंत चालायचं. गाण्यात एका जागी नवरीचं नाव घ्यावं लागतं. ते घेतल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही.

आईला रेकॉर्डिंगचा नवा नाद लागला होता तेव्हा दोघी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. तिने फोन पुढे धरून दोघींना एकेकदा म्हणायला लावलं. थोरलीने विचारलेलं मला आठवतं, "कोनाचा नाव घेऊ?" आई म्हणाली, "घे कुणाचंही, नमुन्याला." तेवढ्यात खाली गॅसवाला आला आणि मी सिलेंडर घ्यायला गेले. वर आले तेव्हा गाणी होऊन चहा चालला होता.

आईने ती गाणी कॉम्प्युटरमध्ये ठेवली आणि दोन्हींना एकच नाव दिलं: हळद. इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी कीबोर्डशी तिचं अजून जमलं नव्हतं. मी म्हटलं, एका नावाच्या दोन फाइली एका जागी राहत नाहीत. ती म्हणाली, राहिल्यात, बघ. बघितलं तर खरंच राहिल्या होत्या. थोरलीच्या गाण्याचा एच मोठा होता, धाकटीच्या गाण्याचा लहान. मराठी शाळेत शिकलेल्यांना आठवत असेल, आपण कॅपिटल, स्मॉल असं कधी म्हणत नव्हतो. मोठ्या अक्षरांची ती पहिली एबीसीडी, लहान अक्षरांची ती दुसरी. आईने हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांना असंच शिकवलेलं. तेव्हा थोरली बहीण पहिल्या एबीसीडीत, धाकटी दुसऱ्या एबीसीडीत, यात तिला समजावण्यासारखं काही वाटत नव्हतं. आणि लिनक्सही तिच्याच शाळेतला निघाला. त्याच्या लेखी मोठा एच आणि लहान एच ही दोन वेगळी माणसं आहेत.

पुढे थोरलीला घशाचं दुखणं झालं. ऑपरेशन झालं, ती बरी झाली, हिंडूफिरू लागली, पण आवाज गेला. बोलते ते कुजबुजल्यासारखं, आणि गाणं तर संपलंच. या वर्षी तिच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरींना जिने गाऊन हळद लावली, तिच्या स्वतःच्या पोरीची पाळी आली तेव्हा तिच्याकडे आवाज नव्हता. ती आमच्याकडे आली, आईचा हात धरून बसली आणि म्हणाली, "माजे पोरीचे हलदीला माजाच गाना लाव. मना बीजा काय नको, दुसरे कोनाचा पन नको." आईने शब्द दिला. पोरीला यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरलं.

शब्द दिल्यावर आई लगेच कामाला लागली, आणि घोटाळा झाला तो तिथेच. हळदीसाठी घेतलेल्या हॉलमधल्या स्पीकरला पेन ड्राइव्ह लागतो, म्हणून तिने दोन्ही गाणी पेन ड्राइव्हवर टाकायला घेतली. कॉपी नाही, कट. एक वस्तू घरात दोन ठिकाणी ठेवायची नाही हा तिचा डब्याबरण्यांपासूनचा नियम. थोरलीचं गाणं आधी गेलं. धाकटीचं जायला लागलं तेव्हा कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं.

"काय विचारलं?" मी नंतर विचारलं.

"रिप्लेस करू का म्हणाला. प्लेस म्हणजे जागा. पुन्हा नीट जागेवर ठेवू का, असंच ना? मी म्हटलं ठेव बाबा."

तो पेन ड्राइव्ह विंडोजच्या वळणाचा होता. बाजारात मिळतात ते बहुतेक तसेच असतात. विंडोजला पहिली आणि दुसरी एबीसीडी वेगळी दिसते खरी, पण नाव जुळवताना तो दोन्ही एकच धरतो. त्याच्या हिशेबी ही एकाच नावाची दोन माणसं एका खुर्चीत बसायला आलेली, म्हणून एकाला उठवलं. आता पेन ड्राइव्हवर एकच फाइल होती, मोठ्या एचची. आईने ती निश्चिंतपणे लावली आणि थोरलीच्या नावाच्या फाइलीतून धाकटी मावशी नवरदेवाच्या आईला टोमणे मारू लागली.

आईने बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा धाकटीच. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. शाळेचा निरोप समारंभ कोरड्या डोळ्यांनी करून आलेली बाई. मला वाईट वाटलं आणि त्या डब्याचा, त्या पेन ड्राइव्हचा, जगातल्या सगळ्या इंजिनिअरांचा भयंकर राग आला. एवढं जग जोडायला निघालेत आणि एच एकच की दोन यावर यांचं एकमत नाही. रेकॉर्डिंग केलेला जुना फोन तर कधीच बिघडून भंगारात गेला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं उचलून कॅम्प दोनला गेले. दुकानदाराने अर्धा दिवस खटपट केली, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा पाजला. शेवटी म्हणाला, "मिटा हुआ होता तो निकाल देता. इधर तो उसकी जगह पे दूसरा बैठ गया, साईं." कॉम्प्युटरमध्येही बघितलं; आईने कट केल्यानंतर तिथे तिच्या ओव्यांचे, पाककृतींचे व्हिडिओ भरभरून उतरवले होते. जागा तिथेही भरलेली.

आता थोरलीला सांगणं आलं. आई म्हणाली, "तू सांग, तू नोकरी करतेस." या दोन गोष्टींचा संबंध काय ते तिलाच ठाऊक. थोरलीच्या तोंडावर सांगायची माझी छाती होईना, म्हणून मी आधी नवरीलाच गाठायचं ठरवलं. माझी ही मावसबहीण कॅम्प चारमध्ये लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात डिझाइनचं काम करते. तिथे मॅक आहे. मॅक म्हणजे लिनक्सच्याच भावकीतला, तीच वेस, तशाच वाटा, पण शहरात राहून नीटनेटका झालेला; आतल्या खोल्यांची दारं ओढून घेतो आणि पाहुण्याला फक्त दिवाणखाना दाखवतो. वळण मात्र विंडोजचं उचललेलं: मोठा एच, लहान एच त्यालाही एकच.

मी तिला सगळं सांगितलं, गुपितासकट. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मला वाटलं आता हीही रडणार. तिने खुर्ची फिरवली, एक फोल्डर उघडलं आणि स्पीकरचा आवाज वाढवला.

थोरली मावशी गात होती. जाड, संथ, भांडी थांबवणारा आवाज.

"गेल्या दिवाळीला तुमच्याकडे आले होते, मावशी चकल्या तळत होती ना, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवरून मीच मला मेल केली दोन्ही गाणी," ती म्हणाली. "आईचा आवाज गेल्यापासून काम करताना हेच लावते, ताई. इकडे कोणाला कळत पण नाही, सब को लगता है भजन है."

दोन ओळी ऐकून मी बंद करायला लावलं. उरलेलं हळदीलाच ऐकायचं. फाइलीचं नाव बघितलं तर शेवटी दोनचा आकडा. एका नावाची दुसरी फाइल उतरताना मॅकने कुणाला उठवलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. शेजारी आकडा घालून आणखी एक खुर्ची मांडली होती. मी तिथूनच आईला फोन केला. ती नाक ओढून म्हणाली, "सापडलं ते ठीक आहे. पण थोरलीला दोन नंबर?"

हळद बदलापूरला झाली. स्पीकर लावायचं काम आईने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पेन ड्राइव्हवर दोन गाणी होती, एकाचं नाव थोरली, एकाचं धाकटी. आता कुठल्याही कॉम्प्युटरने बघावं. धाकटीचं लावायची वेळच आली नाही, कारण ती स्वतः पदर खोचून उभी होती. थोरलीचा आवाज स्पीकरातून आला तशा बाया बोलायच्या थांबल्या. थोरली पोरीसमोर बसली होती, हात हळदीच्या वाटीत, ओठ गाण्याबरोबर हलत होते. गाणं नावाच्या जागी आलं. आणि स्पीकरातून नाव आलं ते समोर बसलेल्या नवरीचंच.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मग? उगीच रडत होते का मी?"

नवरीच्या गालांवरून हळद ओघळत होती. गाणं संपलं आणि धाकटीने लगेच आपली पाळी घेतली, भराभर, पहिल्याच फटक्यात सासूबाईंना टोमणा हाणत. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेल्या सासूबाईच सगळ्यात जोरात हसल्या. त्या गलक्यात थोरलीने मला जवळ बोलावलं. तिचं बोलणं ऐकायला कान अगदी तोंडाशी न्यावा लागतो.

"तवा हिचा लगीन ठरला पन नवता," ती कुजबुजली. "पन बीजे कोनाचा नाव तोंडान येत नवता."

तिने वाटीतलं हळदीचं बोट माझ्याही गालाला लावलं.