होर्डिंगवरची खालची बाई

"चष्मा काढा ताई. चष्मा लावून तुम्ही गावातल्या वाटत नाही."

शूटिंगवाल्यांची मेकअप करणारी पोरगी असं म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं तो माझ्या नाकावरून उचलला. मग माझ्या हातांवर आणि गळ्यावर काळपट पावडर चोपडली. मी मुळात सावळी. तेवढं सावळं त्यांना पुरलं नाही. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा होतो, तसं सगळं अंग झालं होतं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आईचा जन्म मिठागरात गेला, माझी सोळा वर्षं या डोळ्यांत गेली. कारखान्यात डोळे काढणारे दोघंच, त्यातली मी एक. रेघ ओढताना आम्ही श्वास धरतो. बोलत नाही. हसत तर नाहीच. हात हलला की मूर्ती गेली.

रंगाच्या एका कंपनीला जाहिरात करायची होती. शेठ म्हणाले, "आपल्या कारखान्याचं नाव होईल. तू बस." मला वाटलं, माझ्या कामाचा फोटो काढणार. सकाळी दोन तास खपून मी मोठ्या मूर्तीचे डोळे काढले. रंग सुकला. मग मुंबईहून आलेली एक गोरी मॉडेल मूर्तीसमोर खुर्चीवर बसली. तिच्या हातात कोरडा ब्रश दिला. मला जमिनीवर बसवलं. माझ्या हातात रंगाची वाटी.

फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तिच्याकडे बघा. कौतुकानं."

मी बघितलं. कौतुकानं.

दोन महिन्यांनी होर्डिंगं लागली. एक पेणला रामवाडीजवळ हायवेला, दुसरं रोह्याला अष्टमी गावाच्या पुलाकडे. वर मोठ्या अक्षरांत, 'रंग आमचे, कला तुमची'. शेठनी पेढे वाटले. बरोबरच्या बायका म्हणाल्या, "अगो, हिरोईन झालीस की." मीही हसले. ती अक्षरं वाचून मलाही बरं वाटलं होतं.

आईला अक्षरं येत नाहीत. ती मावशीकडे अष्टमीला गेली होती. परत आली ती ओट्यावरच बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "गो, मना खरं सांग. कारखान्यातलं काम सुटलं काय तुजं?"

"नाय. का?"

"मंग त्या बाईकडं कामाला कवा रायलीस?"

मी तिला समजावलं. ती मॉडेल आहे. डोळे मी काढलेत. वर लिहिलंय, कला तुमची.

आई म्हणाली, "लिवलेलं मना नाय कलत. दिसतं त्ये सांगतंय."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून एसटीनं रोह्याला गेले. पुलाच्या तोंडाशी उभी राहून ते होर्डिंग बघितलं. रामवाडीचं रोज बघत होते, पण जाता जाता. असं थांबून नाही.

मूर्तीचं बुबुळ तांदळाभर खाली घेतलं की देव हात जोडणाऱ्याकडे बघतो. तेवढंच वर गेलं की तीच मूर्ती मग्रूर दिसते. सोंड तीच, मुकुट तोच. हे मला झोपेतही कळतं. स्वतःच्या चित्रात कळलं नव्हतं.

ती खुर्चीवर. मी जमिनीवर. उजेड सगळा तिच्या तोंडावर. माझे भेगा पडलेले पाय अगदी पुढे, तिचे पाय दिसतच नाहीत. ती रस्त्यानं जाणाऱ्यांकडे बघतेय. मी तिच्याकडे. हातात ब्रश, समोर देवाचा डोळा, आणि ती दात दाखवून हसतेय, डोळ्याकडे बघतही नाही. अशी आखणी जगात कुणी करत नाही. पण पुलावरून जाणाऱ्या कुणालाही त्यात चूक दिसत नव्हती. खुर्चीवर कोण बसतं आणि वाटी कोण धरतं, हे सगळ्यांना आधीपासून पाठ होतं. होर्डिंगवर एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. हातांवरची पावडर त्यांची होती, पण ती नजर माझी होती. त्यांनी मागितली आणि मी देऊन टाकली.

यंदा तेच लोक परत आले. तीच खुर्ची मांडली. शेठ म्हणाले, "बस गं, दोन मिनिटांचं काम."

मी उभीच राहिले. म्हणाले, "मी खाली बसणार नाही. वाटी धरणार नाही. मी डोळे काढत असताना फोटो काढायचा तर काढा."

फोटोग्राफर समजुतीनं म्हणाला, "ताई, जाहिरातीत लोकांना एका नजरेत कळायला लागतं."

"कळतं," मी म्हणाले. "माझ्या आईला कळलं."

शेठ म्हणाले, "फार शहाणी झालीस. उद्यापासून येऊ नको."

मी चप्पल घालत होते, तेवढ्यात त्यांनी रंग कालवणाऱ्या बाईला खाली बसवलं. तिलाही सांगितलं, कौतुकानं बघा. ती बघायला लागली. मी तिला हाताला धरून उठवलं नाही. तशीच निघून आले. सोळा वर्षांची नोकरी गेली त्याचं एवढं वाटत नाही, याचं वाटतं.

आता मी दुसऱ्या कारखान्यात डोळे काढते. चार बायकांना आखणी शिकवते. हात बसण्याआधी त्यांच्यापुढे पेपरातल्या जाहिराती टाकते. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण कुणाकडे बघतंय, ते बोट ठेवून सांगायला लावते. पहिल्या दिवशी त्या लाजल्या. आता भांडतात.

नवा मालक म्हणाला, "यांच्या डोक्यात हे कशाला भरवतेस?"

मी थांबणार नाही. इथंही एक दिवस कॅमेरा येईल. तेव्हा या चौघींतली एकही खाली बसणार नाही. आणि बसलीच, तर या वेळी मी तिला उठवल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही.