बाबांची जीप एअर घेते

भूतखेत, करणी, संकेत... मी यांतली नाही, हे आधीच सांगते. कोणी असलं काही रंगवून सांगायला लागलं की ‘अ‍ॅसिडिटी झाली असेल’ म्हणून मोकळी होणारी बाई मी. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले — लिहिणाऱ्यांनी राग मानू नये. आज मीच लिहायला बसलेय, कारण हे डोक्यात घेऊन फिरायचा आता कंटाळा आलाय. ऑफिसात सांगावं तर लोक म्हणतील, सुट्टी घे. सुट्टी घेऊन झाली.

मी त्रेचाळीस वर्षांची. वसईत पश्चिमेला, आमच्या वाडीतल्या घरात आई-बाबांबरोबर राहते. लग्न केलं नाही, तो विषय इथेच संपवू. कामणला एका गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅच बघते. जायला-यायला बाबांची जुनी डिझेल जीप. फोर बाय फोर. वाडीतल्या चिखलातून केळीचे घड बाहेर काढायला म्हणून बाबांनी ती कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, आणि शेजारी बसून बाबा जे ओरडायचे ते अजून कानात आहे. “क्लच आहे तो, बैलाची शेपटी नाय!”

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आणलं ते नाकात नळी घेऊनच. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. पेज, डाळीचं पाणी, दूध असं काहीतरी पातळ करून, गाळून घ्यायचं. माणसाला उशीला टेकवून बसवायचं. मोठी सिरिंज नळीला जोडून वर धरायची आणि त्यात ओतत राहायचं, आपोआप उतरतं. फक्त एक सांभाळायचं. सिरिंज रिकामी व्हायच्या आत नळी चिमटीत दाबून धरायची, नाहीतर आत हवा जाते. पोट फुगतं, उचकी लागते, उलटी होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘उलटी छातीत गेली तर या वयात सांभाळणं कठीण आहे.’ दिवसभर हे सगळं आई करायची. तीही सत्तरीच्या घरातली. सकाळी मी निघताना एकदा, संध्याकाळी मी वाटेत असताना एकदा, आणि मधे दुपारी.

जीपचं दुखणं सुरू झालं ते बाबा घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी.

चालता चालता पिकअप जायचा, दोन हिसके बसायचे आणि गाडी बंद. रोज नाही. तीन दिवस मख्खन चालायची, चौथ्या दिवशी मागे कंटेनर भोंगे वाजवतोय आणि मी बॉनेट उघडून उभी. डिझेल गाडीची लाइन हवा घेते तेव्हा असं होतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळायचा, स्टार्ट मारायचा. हे बाबांनीच शिकवलेलं. हळूहळू माझ्या सगळ्या ड्रेसना डिझेलचा वास लागला आणि घरात सगळीकडे पेजेचा.

नायगावजवळ विल्सनचं गॅरेज आहे. बाबांच्या वेळेपासूनचा मेकॅनिक. हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं.

“मॅडम, गाडी एअर घेते. साधं काम आहे,” तो म्हणाला. “आता परत बंद पडली तर गॅरेजची पाटी उतरवतो.”

पाटी अजून तिथेच आहे. त्याने फिल्टर बदलला, रबरी नळ्या बदलल्या, प्रत्येक जोडाचे तांब्याचे वॉशर बदलले, फीड पंप उघडून बांधला, टाकी खाली उतरवून धुतली. दरवेळी गॅरेजमध्ये गाडी तासन्‌तास शहाण्या मुलीसारखी चालायची. “बघा, आत्ता तर चालू आहे,” विल्सन म्हणायचा. डॉक्टरांचंही तेच. बाबांना आज फार त्रास झाला म्हणून त्यांना घरी बोलवावं, तर त्यांच्यासमोर सगळं सुरळीत उतरायचं. “आत्ता तर व्यवस्थित जातंय.” हे वाक्य दोन्हीकडे ऐकून ऐकून मला त्याचा संताप यायला लागला होता.

आईचा फोन नेमका मी रस्त्यात अडकलेली असतानाच येतो, हे लक्षात आलं होतं. “अगो, बाबांचं पोट फुगलंय, उचकी थांबत नाय.” मी एका हाताने पंप मारतेय, खांद्याने फोन धरलाय. वाटायचं, संकटं आली की एकदम येतात. आणि दोन्हीच्या वेळाही ठरलेल्या, माझा प्रवास आणि बाबांचं खाणं एकाच वेळी. योगायोग म्हणायला एवढं पुरेसं होतं. मी तेच म्हणत होते.

शेवटी विल्सन इरेला पेटला. “आता बाटली लावतो.”

बाटली लावणं म्हणजे मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती. टाकी, पाइप, फिल्टर या सगळ्यांना सुट्टी द्यायची. डिझेलने भरलेली बाटली उंचावर बांधायची आणि तिच्यातून एक नळी थेट इंजिनाला डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपात. गाडी नीट चालली तर दोष मागच्या लाइनमध्ये, बंद पडली तर पंपात. एका रविवारी सकाळी विल्सन घरी आला. समोरच्या काचेच्या चौकटीला त्याने सुतळीने बाटली उलटी बांधली. नळी पारदर्शक घेतली, आतलं डिझेल दिसावं म्हणून. अख्खी एकसंध, मधे एकही जोड नाही. बॉनेट काढून अंगणातच ठेवलं. आत आई बाबांच्या खाण्याची तयारी करत होती.

आम्ही दोघं निघालो. हायवे ओलांडून चिंचोटीपर्यंत गाडी अशी चालली की विल्सन जवळजवळ गायलाच लागला. “पंप ओके! लाइनच खराब. नवीन लाइन टाकतो मॅडम, विषय संपला.” तिथला धबधबा आटायला लागला होता, त्यामुळे तिकडे जाणारी गर्दी नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं आणि दोघं नळीकडे बघत उभे राहिलो. सोनेरी डिझेल, एकदम स्वच्छ. बाटली निम्म्याहून जास्त भरलेली.

मग नळीच्या मध्यावर एक बुडबुडा आला.

बाटलीच्या तोंडाशी नाही, पंपाच्या बाजूला नाही. मध्यावर... जिथे जोड नाही, चीर नाही, काही नाही. विल्सनने तिथे बोट फिरवलं. कोरडं. तेवढ्यात दुसरा, तिसरा, मग माळच लागली. इंजिनने दोन हिसके दिले आणि बंद. बाटलीतलं डिझेल तिथल्या तिथे होतं, आणि नळीत नुसती हवा.

विल्सनने नळी उजेडात धरून पुन्हा निरखली. “असं होत नाय मॅडम,” तो हळूच म्हणाला. “ही हवा येणार कुठून?”

फोन वाजला. आई रडत होती. “माझा डोळा लागला गो... हातात सिरिंज तशीच. रिकामी झाली, बाबांच्या पोटात सगळा वारा गेला. ठसका लागलाय, तू ये.”

मी गाडीत बसले, स्टार्ट मारला. हवा काढली नव्हती, पंप मारला नव्हता. पहिल्याच झटक्याला चालू झाली. नळीत परत सोनेरी डिझेल. विल्सनने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली. आम्ही घरी आलो. बाबा तोपर्यंत सावरले होते. घामाघूम, पण सावरले होते. आई त्यांच्या पायाशी बसून स्वतःलाच शिव्या घालत होती. मी तिला जवळ घेतलं, दुसरं काय करणार? रात्रंदिवस तीच जागत होती.

बाहेर अंगणात विल्सन म्हणाला, “डिझेलचं काम माझं, मॅडम. हे माझं काम नाय.” त्याने बाटली सोडली, जुनी लाइन होती तशी जोडली आणि गेला.

यानंतर जे झालं त्यावर तुम्ही हसलात तरी चालेल, मीही हसले असते. कामणच्या नाक्यावर एकदा पिकअप गेला. बॉनेट उघडायच्या ऐवजी मी घरी फोन लावला. “आई, नळी दाब! चिमटीत धर!”

“धरली, धरली,” आई दचकून म्हणाली, आणि माझ्या पायाखाली इंजिन पुन्हा एकसुरी झालं. फोन अजून कानालाच होता. “तुला कसं कळलं गो?”

त्या संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, “त्यांचा जीव होताच त्या खटाऱ्यात. माझ्यात तरी एवढा नव्हता.” आणि बाबांकडे बघून, “हो की नाय हो?” बाबांनी डाव्या हाताचं बोट उचललं. त्यांना सगळं समजत होतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तेव्हापासून जीप म्हणजे बाबांचा रिपोर्ट झाला. गाडी नीट चालली की बाबा नीट जेवले. ऑफिसातून सारखे फोन करणं मी बंद केलं. आईचाही हात बसला. आठवडेच्या आठवडे गाडीने एकही हिसका दिला नाही. बाबांचं वजन थोडं वाढलं, गालात थोडा रंग आला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात चमच्याने काही गिळता येतंय का बघू. जमलं तर नळी काढू. आई लगेच स्वप्नं बघायला लागली. “पहिला घास कसला देऊ, बोंबलाची चटनी?” डॉक्टर ऐकत असताना तिने हे विचारलं, आणि बाबांनी बोट इतक्या जोरात उचललं की डॉक्टरही हसले. कितीतरी महिन्यांनी मला वाटलं, सुटलो आपण.

तो दिवस पुढे आलाच नाही.

ती संध्याकाळ मला अजून नीट आठवते. कामणहून निघाले आणि गाडी अशी चालली... अशी ती माझ्या हातात कधीच चालली नव्हती. चढावर गिअर पाडावा लागला नाही. खड्डेसुद्धा त्या दिवशी कमी झाल्यासारखे वाटले. मी मोठमोठ्याने गाणं म्हणत होते. आज बाबा पोटभर जेवले, एवढंच मनात.

दारात चपला दिसल्या. शेजारच्या बायका मला बघून बाजूला झाल्या.

“सगळं बरोबर केलं मी,” आई परत परत सांगत होती. “सगळं पानी उतरलं, नळी दाबली, बरोबर दाबली गो. तोंड पुसायला वळले आणि बघते तर...” फोन का नाही केलास, असं मी विचारलंही नाही. तीच म्हणाली, “तू गाडी चालवत होतीस.”

मी चिंचोटीच्या पुढे कुठेतरी असेन तेव्हा. गाडीने मला काहीच सांगितलं नाही. चमचाभर हवेसाठी भर रस्त्यात उभी राहणारी गाडी, माणूस गेला तेव्हा साधी अडखळलीसुद्धा नाही. बाबांचं दिवसकार्य झाल्यावर मी अंगणात जाऊन तिच्या चाकाला लाथ मारली, तोंडाला येईल ते बोलले. शेजाऱ्यांना वाटलं असेल, पोरगी गेली कामातून.

त्यालाही आता बरेच महिने झाले. जीपने एकदाही एअर घेतली नाही. विल्सनला मी पुन्हा सगळी लाइन तपासायला लावली. त्याने नजर चुकवत सांगितलं, “वॉशर आता नीट बसला असेल, मॅडम.” बसला असेल. एकसंध नळीत हवा कुठून आली आणि शेवटच्या दिवशी का आली नाही, हे ना त्याला सांगता येतं ना मला. तुमच्यात कोणी डिझेलचा जाणकार असेल तर त्याने जरूर कळवावं. फक्त मनाचे खेळ म्हणू नका, तो बुडबुडा दोघांनी पाहिलाय.

आई हल्ली जेवत नाही. ताटावर बसते, घास चिवडते, उठते. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं.

परवा येताना चिंचोटीच्या पुढे मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि वाट बघत बसले. एका हिसक्याची; बाबा अजून कुठेतरी आहेत, एवढं तरी कळलं असतं. ते आपलं एकसुरी चाललंय, चाललंय. शेवटी मीच बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच.

घरी पोचायला उशीर झाला. आई दारातच उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईघाईने विचारलं, “बंद पडली का गो गाडी?”

मी हो म्हणाले.

ती आत गेली, दोघींची ताटं वाढली, आणि त्या दिवशी भात मागून घेऊन जेवली.