आला का वास?

मिरा रोडच्या हवेत जे काही चांगलं उरलं आहे, ते आमच्या व्याह्यांच्या धुपाटण्यातून आलेलं आहे. माझ्या सुनेचे हे वडील आमच्याच इमारतीत, शांती नगरला, माझ्या घराच्या दोन मजले वर राहतात. कुठल्याही अडचणीवर त्यांचं औषध एकच. नातवाला सर्दी झाली, ओव्याची धुरी. कपाटाला कुबट वास आला, ऊद. लिफ्ट बंद पडली तेव्हा तिच्यातही त्यांनी धुपाटणं फिरवलं, आणि ती मेकॅनिकच्या हाताने नव्हे, धुपाने सुरू झाली, असं ते आजही छातीठोकपणे सांगतात. रोज दिवेलागणीला करवंटीच्या निखाऱ्यांवर ऊद टाकून ते जिना उतरायचे आणि दारोदार विचारायचे, "आला का वास?" माझ्या समोरच्या गुजराती बेन हसायच्या, "आ गया अंकल, मच्छर भी आपका टाइम जानते हैं!" पण व्याही खरंच विचारत असत. कोरोनात त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. धूप जमला की बिघडला, हे त्यांना आमच्या नाकांवरूनच कळायचं.

एकदा मी मॅच बघत होतो, शेवटची ओव्हर. "व्याहीबुवा, आला का वास?" मी मानही न वळवता म्हणालो, "छे हो, आज काहीच नाही." व्याह्यांची थट्टा करायची नाही तर कुणाची? बेन आतून ओरडल्या, "आया, आया!" पण व्याही म्हणाले, "त्या मन राखायला बोलतात. तुम्ही खरं सांगता." आणि वर जाऊन ऊद वाढवून आले. मग आणखी वाढवून. शेवटी जिना दिसेनासा झाला, कुणीतरी घाबरून अग्निशमन दलाला बोलावलं आणि जवानांनी त्यांच्या हातातल्या धुपाटण्यावर पाणी ओतलं. सगळे हसले. मीही. कमिटीने जिन्यातला धूप बंद केला, व्याह्यांनी घरातलाही केला. म्हाताऱ्याचा अंदाज चुकला, असं सोसायटीत अजून म्हणतात. साफ चूक. अंदाज पक्का होता, खोटा मी होतो.

काल संध्याकाळी मी वर गेलो, माळ्यावरचं धुपाटणं काढायला लावलं, निखारे मीच फुलवले. ऊद पडताच घर भरून गेलं. त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणालो, "आला."

"मन राखताय?"

"नाही. व्याहीबुवा, त्या दिवशीही आला होता."

त्यांनी धुपाटणं स्वतःकडे ओढलं. मग निखाऱ्यांवर हळूच वारा घालत म्हणाले, "कसा होता हो?"