नळीला लावलेलं नाक

“नाक लाव.”

सरांनी काचेच्या नळीकडे बोट केलं. मी वाकलो, श्वास आत ओढला. डोळ्यांतून पाणी आलं.

“येतोय वास?”

“येते सर.”

“तुझं बरं आहे. कातड्याच्या कुंडावर पोसलेलं नाक. आमचं केव्हाच झडलं असतं.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बाप माझा चामडं कमवायचा. मी बी.एस्सी. झालो आणि नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागलो. शहराला लागूनच असलेल्या वाडीच्या एका कारखान्यात लोखंडी भाग धुताना क्लोरीनवाल्या द्रावणाची विषारी वाफ उडायची. ती मोडून टाकणारा उत्प्रेरक सरांना बनवायचा होता. पांढऱ्या मातीच्या गोळ्या, त्यांवर धातूचे क्षार चढवायचे, भट्टीत भाजायच्या. हे सगळं मीच करायचो. तापल्या गोळ्यांतून वाफ सोडली की पलीकडे तिचा गोडसर वास उरता कामा नये. पण क्लोरीन गोळ्यांनाच खायचा. चार दिवसांत त्या निकामी.

वाफ मोजायचं यंत्र होतं. महाग म्हणून कुलपात. माझं नाक फुकट होतं.

मग एक मिश्रण जमलं. आठवडा झाला, वास नाही. पंधरवडा झाला, नाही. सर म्हणाले, “तुला कायम करून टाकू.” कारखान्याचे साहेब बघायला येणार होते. धुण्याच्या खोलीतली हवा या गोळ्यांतून काढून परत आतच सोडायची, असं ठरत होतं.

त्याच आठवड्यात मी घरी चुलीजवळ वाचत बसलो होतो. आई अंगणातून धावत आली.

“भाजी करपून राहिली ना गा! तुले वास नाही येत काय?”

नव्हता आला. हिंगाची डबी उघडली. काही नाही. पेटीतून बापाचा सदरा काढून तोंडावर धरला. बाप गेल्यावर तेवढाच ठेवला होता आम्ही. त्यातही बाप नव्हता. मी आईसमोर ढसाढसा रडलो.

सकाळी प्रयोगशाळेत टायपिस्ट बाईंना नळीजवळ बोलावलं. त्यांनी पदर नाकाला लावला. “बापा! केवढा वास हा!”

गोळ्या कधीच मेल्या होत्या. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “कायम व्हायचंय ना? मग गप्प बस.”

साहेब आले.

“सांग यांना,” सर म्हणाले, “वास नाही म्हणून.”

“वास आहे सर. मले येत नाही, म्हणून तुम्ही ‘नाही’ लिहून राहिले. यंत्र लावा. नाहीतर स्वतः वाका.”

“चालता हो.”

साहेबांनी तरीही गोळ्याच घ्यायच्या ठरवल्या. त्यांना गोळ्या स्वस्त पडत होत्या.

नोकरी गेली. नाक परत आलं नाही, येणारही नाही. त्या संध्याकाळी मी बसने वाडीला गेलो आणि कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली. पहिला माणूस बाहेर आला, त्याला थांबवलं. त्या खोलीत काय उडतं, ते सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं. उद्या परत यायचं ठरवलं, परवाही. सर आणि साहेब ते कुलपातलं यंत्र इथे आणून या माणसांसमोर हवा मोजत नाहीत, तोवर रोज.